रेकॉर्ड चालू आहे, टाच टेकवू नये

आमच्या घरात तीन महिने कोणीही टाच टेकवून चाललं नाही. पाहुणे आले तर त्यांना दारातच लोकरीचे मोजे दिले जात. फ्रिजखाली रबर होतं, दारांच्या चौकटींना बनातीच्या पट्ट्या होत्या, आणि बाहेरच्या खोलीच्या दारावर मी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'रेकॉर्ड चालू आहे, टाच टेकवू नये.' पाटीखाली तारीख घालून सही करायची माझी फार इच्छा होती. पण बायको म्हणाली, "अहो, हे घर आहे, कचेरी नाही." म्हणून सही तेवढी राहिली.

मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझं काम. बावीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आलो आहे, "काटा स्थिर होऊ द्या." त्यामुळे हलणाऱ्या वस्तूंबद्दल माझ्या मनात पहिल्यापासूनच थोडा आकस आहे. हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे जे काही झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही, थोडंफार खातंही आहे.

आणि थोडे बाबा. बाबा एका यंत्रशाळेत आधी फिटर आणि नंतर फोरमन होते. चाळीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात उभं राहिलेला हा माणूस. चालू यंत्राला हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचे, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "डावीकडचं बेअरिंग जातंय, महिनाभर काढेल." मग ते बरोबर महिनाभर काढायचं. घरी आल्यावर मात्र त्यांना व्हायोलिन लागायचं. पलंगाखाली चौदा रेकॉर्डांची पेटी आहे. वाजवायचं यंत्र कधीच मोडलं, पेटी तशीच राहिली.

आता बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना फारच कमी ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं, "कानातली बारीक हाडं आखडली आहेत. वर्षभरात ऐकू येणं आणखी कमी होईल. आतली नस मात्र उत्तम आहे हं." त्यातलं 'वर्षभरात' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं, नस मी तिथेच सोडून आलो. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते दोन दिवसांत खणात गेलं. बाबांचं म्हणणं, त्यातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात. तरी एक गंमत होती. संध्याकाळी मी कचेरीतून आलो, की दाराकडे पाठ करून बसलेले बाबा मान न वळवता म्हणायचे, "आलास?" मला वाटायचं, घड्याळ बघून म्हणतात.

तर एका दुपारी बाबांनी पेटी ओढली, एक रेकॉर्ड काढून मऊ फडक्याने पुसली आणि परत ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या दुसऱ्या बाजूला एक जागा आहे. वाजवणारा रंगात येतो आणि पायाने ताल धरायला लागतो. तो पाय जमिनीवर आपटलेला ऐकू येतो. आमच्याकडचे सगळे म्हणायचे, रेकॉर्डमध्ये दोष आहे. दोष नाही, पाय आहे. एकदा परत ऐकायला हवा होता."

ते 'हवा होता' मला लागलं. हवा आहे म्हणाले असते तर मी कदाचित पुढच्या महिन्यावर ढकललं असतं. मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि टर्नटेबल घ्यायला निघालो.

दुकानदार बारीक चणीचा आणि बारीक आवाजाचा माणूस होता. दुकानात शिरल्यावर आपोआप आपलाही आवाज खाली यावा, असं काहीतरी तिथल्या हवेतच होतं. मी म्हटलं, "वडिलांसाठी हवंय, चांगलं द्या." त्याने मला खुर्ची दिली. ही खुर्ची म्हणजे धोक्याची सूचना होती, पण ते मला उशिरा कळलं.

"सुईला अक्कल नसते," तो म्हणाला. "तिला फक्त थरथर कळते. रेकॉर्डच्या खाचेत वाजवणाऱ्याची थरथर कोरलेली असते, केसाहून बारीक. सुई ती उचलते. पण मोटरची थरथर, जमिनीची थरथर, तुमच्या चालण्याची थरथर, तीही तिला गाणंच वाटते. मग महागडं टर्नटेबल म्हणजे काय? तर सुईला बाकीचं काही कळू न देण्याची व्यवस्था."

हे मला एकदम पटलं. आमच्या खात्याचा कारभार वर्षानुवर्षं याच तत्त्वावर चालला आहे.

मग त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली. फिरणारी तबकडी एवढी जड, की मला दोन्ही हातांनी धरावी लागली. वजन असलं की ती लहानसहान धक्क्यांना दाद देत नाही. मोटर वेगळ्या डब्यात, चार बोटं लांब. दोघांमध्ये फक्त एक रबरी पट्टा, म्हणजे मोटर कितीही थरथरली तरी ती थरथर रबरातच जिरते. आणि हा सगळा संसार तीन स्प्रिंगांवर तरंगता. शेवटी सुईचा दांडा पुढे करून तो म्हणाला, "टिचकी मारा." मी मारली. टप्प एवढाच आवाज आला आणि तिथेच मेला.

"घुमला का?"

"नाही."

"त्याचीच किंमत आहे."

ती किंमत मी इथे लिहीत नाही, कारण मी लिहिलेलं घरातही वाचलं जातं.

रविवारी सकाळी समारंभपूर्वक टर्नटेबल मांडलं. बाबा धुतलेला सदरा घालून समोर बसले. मी सुई टेकवली आणि दबक्या पावलांनी माझ्या खुर्चीकडे निघालो. तिसऱ्या पावलाला सुई उडाली आणि पहिल्या रागाच्या मध्यातून थेट तिसऱ्याच्या शेवटाला जाऊन बसली. आमची इमारत जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि जमीन लाकडी फळ्यांची. आपण चाललो की कपाटातल्या कपबश्या बोलतात. त्यात यंत्र स्प्रिंगांवर. फळी एक बोट हलली तर टर्नटेबल नाव हलावी तसं हलत राहायचं.

मी न चालता उभा राहिलो. व्हायोलिन सुरेख वाजत होतं. बाबा म्हणाले, "लाव की."

मी आवाज वाढवला. बाबा वाट बघत राहिले. मी आणखी वाढवला, आणि मग घरात असा एक हंबरडा फुटला की बायको आतून हातातली कात्री घेऊन धावत आली. खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक वर आले. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि कोणाकडे काही बिघडलं, की त्यांचा चेहरा खुलतो.

"अगदी पुस्तकातलं उदाहरण," ते आनंदाने म्हणाले. "तुमचा स्पीकर जमीन हलवतोय, जमीन सुईला हलवतेय, सुई तेच परत स्पीकरला सांगतेय. हे वाढतच जाणार."

असा पेच होता. आवाज कमी ठेवावा तर बाबांना ऐकू येत नाही, आणि वाढवावा तर यंत्र बोंबलतं. डॉक्टरीणबाईंचं वर्ष संपायला अकरा महिने उरले होते.

यानंतर इमारतीत दोन तट पडले. प्राध्यापकांचा पक्ष वजनाचा. त्यांच्या मते यंत्राखाली असं काही अवजड ठेवावं, की जमिनीची हिंमतच होऊ नये. समोरच्या काकूंचा पक्ष तरंगण्याचा. त्यांच्या भाच्याने म्हणे टेनिसचे चेंडू अर्धे कापून त्यांवर यंत्र ठेवलं आणि आता तो शेजारी उड्या मारतो तरी काही होत नाही. मी दोन्ही पक्षांशी सलोखा ठेवायच्या नादात आधी चेंडू कापले. तासाभरात टर्नटेबल स्वतःच्या पायांनी टेबलाच्या कडेपर्यंत चालत आलं. बायकोने झेललं म्हणून वाचलं. काकू म्हणाल्या, "चेंडू नवे असतील, जुने लागतात."

दुकानदाराला फोन केला. तो हळू आवाजात म्हणाला, "जमीन लाकडी आहे हे सांगितलं नाहीत तुम्ही. मग भिंतीवर फळी ठोका." घराची एक भिंत दगडी आणि हातभर जाड आहे. पण ती जिन्याच्या बाजूची, म्हणजे सामायिक. सामायिक भिंतीला भोक पाडायचं तर सेक्रेटरींची परवानगी हवी.

सेक्रेटरी पोस्टातून निवृत्त झालेले आहेत आणि अर्ज हातात आला की आधी मागची बाजू बघतात. त्यांनी मला छापील नमुना दिला. त्यात 'टांगावयाच्या वस्तूचे स्वरूप' असा रकाना होता आणि पुढे 'हलणारी / न हलणारी'. मी लिहिलं, 'न हलावी अशी अपेक्षा'. अर्ज परत आला. शेरा होता, 'अपेक्षा नको, वस्तुस्थिती लिहावी.' दुसऱ्या वेळी मी लिहिलं, 'वस्तू फिरते, पण हलत नाही.' तोही परत आला. तिसऱ्या वेळी मी प्राध्यापकांकडून दोन पानांचा खुलासा जोडून दिला. सेक्रेटरींनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "हे पुढच्या सभेत घेऊ." पुढची सभा चार महिन्यांनी होती. बावीस वर्षं मीही दुकानदारांना असंच पुढच्या तारखेवर ढकलत आलो आहे. ते काउंटरच्या पलीकडून कसं ऐकू येतं, ते मला त्या दिवशी कळलं. ऐकायला वाईट आहे.

मग उरला प्राध्यापकांचा पक्ष, म्हणजे वजन. मी दगड घडवणाऱ्याच्या वखारीत गेलो. मनासारखी लादी मिळेना. एक जाड होती तर लहान, दुसरी मोठी तर तडा गेलेली. शेवटी त्याने कोपऱ्यातली एक काळीभोर लादी दाखवली. हवी तेवढी, चार बोटं जाड, आरशासारखी घोटलेली. फक्त तिच्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं, 'यांच्या प्रेमळ स्मृतीस'. वरती नावाची जागा रिकामी.

"घेणारे परत आलेच नाहीत," तो म्हणाला. "बहुतेक आजारी माणूस बरा झाला. नाव घालून देऊ?"

मी म्हटलं, नको, अक्षरं खाली करून ठेवायची आहे. हमालांना मी बजावून सांगितलं, की लिहिलेली बाजू आतल्या अंगाला ठेवा. आणि मी कचेरीत निघून गेलो. हमालांनी लिहिलेली बाजू बाहेर ठेवली. कारण आतल्या अंगाला अक्षरं टोचत होती. शिवाय लादी जड, म्हणून प्रत्येक मजल्यावर ती भिंतीला टेकवून त्यांनी पाच-पाच मिनिटं विसावा घेतला.

त्या दिवसांत बाबा गुडघा दुखतो म्हणून आठवडाभर खाली उतरले नव्हते. इमारतीने दोन आणि दोन चार केले. संध्याकाळी पाचच्या सुमारास सेक्रेटरी, प्राध्यापक आणि काकू असे तिघंजण खाली माना घालून आमच्या दारात आले. बायको शिवलेले पडदे पोचवायला बाहेर गेली होती. दार बाबांनी उघडलं.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. बाबांना बघून तिघंही एक पाऊल मागे सरले. काकूंनी भिंतीचा आधार घेतला. सेक्रेटरी कसेबसे म्हणाले, "मग… कोण?" बाबांना ऐकू आलं नाही. पण माणसं घरी आली याचा त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी तिघांना आत घेतलं, प्रत्येकाला नियमाप्रमाणे लोकरीचे मोजे दिले आणि बसवलं. आता घरात बाबा दिसत होते, मी आणि बायको दिसत नव्हतो. आमच्यापैकी नक्की कोण, हे विचारायचा धीर कोणाला होईना. मी सहाला घरी आलो तेव्हा चौघं समोरासमोर गप्प बसले होते. तिघांचे डोळे ओले आणि बाबांचा चेहरा हसरा. मला बघून काकू "अगं बाई" म्हणाल्या. आणि इतक्यात मागून बायकोही आल्यावर सेक्रेटरींनी रुमालाने घाम पुसला.

सगळा उलगडा झाल्यावर बाबांना लादी बघायची होती. त्यांनी चष्मा लावून अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काम सफाईचं आहे," ते म्हणाले. "नावाला जागाही ऐसपैस ठेवलीय. वापरून झाल्यावर टाकू नकोस हं, जपून ठेव." आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसले. बायको पटकन आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली. जाताना सेक्रेटरी मला जिन्यात म्हणाले, "त्या भिंतीचं… सभेचं राहू दे. पण मी लेखी देणार नाही." माझं मन इतकं ओशाळलं होतं, की मी ते धड ऐकलंही नाही.

लादीने थोडा फरक पडला. म्हणजे प्रौढ माणसाच्या चालण्याने सुई आता उडायची नाही, नुसती शहारायची. पण पलीकडच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र चाललं की पुन्हा उडायची. तेव्हा मी ठरवलं, आता अर्धवट उपाय नकोत. तराजू तपासताना आधी दुकानातला पंखा बंद करायला लावतो ना, तसं मी घर बंद करायला घेतलं.

शिवणयंत्राखाली रबराचे तीन थर आले. तरी भागेना, म्हणून त्याचं वेळापत्रक आलं. मी घरात नसतानाच ते चालायचं, तेही सावकाश. दारांना पट्ट्या, फ्रिजला रबर, खुर्च्यांच्या पायांना बनात, माणसांच्या पायांना लोकर, आता घरच्यांच्याही. बायकोने कुरकुर न करता सगळं केलं. "बाबांना एकदा ऐकू देत," एवढंच म्हणायची, आणि तीन-तीन दिवसांची शिवणकामं मांडीवर घेऊन हाताने टाके घालत बसायची.

पण याच दिवसांत बाबा कोमेजले. आधी जेवण कमी झालं, मग बोलणं. दाराकडे पाठ करून बसायचे, ते आता दाराकडे तोंड करून बसायला लागले. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला की दचकायचे. "आलास?" हे बंद झालं.

"बाबा हल्ली सारखे दाराकडे बघतात हो," बायको म्हणाली.

"रेकॉर्डची वाट बघत असतील," मी म्हटलं. खरं सांगतो, मला तेव्हा स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता.

शेवटी तो रविवार आला. कपबश्यासुद्धा गप्प होत्या. मी दुसरी बाजू लावली, सुई टेकवली आणि जागच्या जागी खाली बसलो. सुई पाण्यावरून जावी तशी चालली होती. एक ओरखडा नाही, एक शहारा नाही. आवाज मात्र पहिल्याच खुणेवर ठेवावा लागला होता. कारण घरातलं सगळं स्थिर झाल्यावर हलणारा एकच उरला होता, स्पीकर. त्याला जरा चढवलं की जमीन त्याचं ऐकायची. व्हायोलिनवाला रंगात आला. आणि हळूच, अगदी हळूच, तो पाय मला ऐकू आला.

मी बाबांकडे बघितलं. ते फिरणाऱ्या रेकॉर्डकडे एकटक बघत होते.

"लावलीस का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

बाबा आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग माझं मन मोडू नये म्हणून म्हणाले, "फिरते छान."

मी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले आहेत. पण ही शाबासकी गिळता येईना. मी उठून आवाज वाढवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "एक विचारू का? घर बंद का पडलंय?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडलो, "म्हणजे?"

"पूर्वी हिचं यंत्र चाललं की माझ्या पायांना कळायचं. बारीक शिवण आहे की जाड कापड आहे, तेही कळायचं. तू आलास की फळी सांगायची. कोण उठलं, कोणी दार लावलं, सगळं खालून यायचं. कान गेले तरी माझं अडत नव्हतं. आता तीन महिने काही येत नाही." त्यांनी पावलं जमिनीवर दाबून बघितली, जशी ती दुसऱ्या कोणाची असावीत. "मला वाटलं, कानांपाठोपाठ आता पायही गेले. तुम्हाला आणखी घोर नको, म्हणून बोललो नाही."

मी काहीतरी पुटपुटलो. ते त्यांना ऐकू आलं नाही, हा एक आधार होता.

बायको दारात उभी होती. ती वळली आणि आत गेली. तिने शिवणयंत्र एका बाजूने उचललं, रबराचे तिन्ही थर ओढून काढले आणि कापड न घालताच यंत्र चालवायला सुरुवात केली. कपबश्या बोलायला लागल्या. सुई उडाली, एकदा, दोनदा, आणि रेकॉर्डभर नाचत सुटली. तिला उचलायचं कोणाला सुचलं नाही. बाबांनी दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकवली होती. त्यांचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला.

"सुई बदलायला झालीय तिच्या यंत्राची," ते म्हणाले. "ठोका जड पडतोय."

मग मी मोठ्या अक्षरात कागदावर सगळं लिहून त्यांच्यापुढे धरलं : सुई, स्प्रिंगा, चेंडू, लादी, वेळापत्रक. बाबांनी दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"आमच्या शेडमध्ये एका टोकाला यांत्रिक घण होता," ते म्हणाले. "दिवसभर धाड धाड. आणि दुसऱ्या टोकाला लोखंड घासून गुळगुळीत करायचं यंत्र, त्याला केसाएवढीही थरथर चालायची नाही. मग काय आम्ही घण बंद ठेवला होता? घणाने घणाचं काम करायचं. ज्या यंत्राला थरथर सोसत नाही, ते वेगळं उभं करायचं." थोडं थांबून म्हणाले, "मला विचारायचंस की."

प्राध्यापकांना विचारलं, काकूंना विचारलं, काकूंच्या भाच्यालासुद्धा विचारलं. घरातल्या माणसाला विचारायचं राहिलं. कारण त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं.

पुढचे दोन तास बाबांना गुडघा आहे हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही, त्यांच्याही नाही. पलंगाखालून हत्यारांची पेटी निघाली. दगडी भिंतीत चार भोकं पडली. सेक्रेटरी आवाज ऐकून वर आले, त्यांनी बाबांना छिन्नी धरलेलं बघितलं आणि लगेच, "मी वर आलोच नव्हतो," असं सांगून खाली गेले. भिंतीवर लोखंडी टेकू, टेकूंवर फळी, फळीवर सायकलची जुनी ट्यूब गोल करून, अर्धी हवा भरून. बाबांनी ती अंगठ्याने दाबली आणि मला म्हणाले, "अशी. लहान मुलाचा गाल दाबल्यासारखी. जास्त हवा भरलीस तर धक्का आत जाईल." ट्यूबवर लादी, लादीवर टर्नटेबल. प्राध्यापक म्हणाले, वजन माझं. काकू म्हणाल्या, तरंगणं माझं. दोन्ही पक्ष जिंकून घरी गेले.

मी मुद्दाम टाचा आपटत खोलीभर फिरलो. पलीकडे शिवणयंत्र भरधाव चालू होतं. सुई हलली नाही. मी आवाज अर्ध्यावर नेला, मग आणखी वर. हंबरडा फुटला नाही. बाबा मान कलती करून ऐकत होते.

"घरघर येतेय," ते म्हणाले. "व्हायोलिन नाही येत."

तर एवढं करून कानच नाही म्हणत होते. बाबांना मात्र त्यात विशेष काही वाटलं नसावं. ते उठले, हत्यारांच्या पेटीतून तो हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, सदऱ्याला पुसला, त्याचं टोक स्पीकरच्या लाकडी पेटीला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आतली नस उत्तम आहे.

ते बराच वेळ हलले नाहीत. नंतर त्यांची डावी टाच उचलली गेली आणि जमिनीवर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली, अगदी तालात. फळ्या थरथरल्या. भिंतीवर सुई आपली शांत चालली होती.

"बघ," डोळे न उघडता बाबा म्हणाले. "दोष नाही. पाय आहे."

तीन महिने मी ज्या थरथरीच्या जिवावर उठलो होतो, तिच्याच वाटेने व्हायोलिन त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी दारावरची पाटी काढली आणि चार तुकडे करून खिशात घातली. बायको दारात उभी राहून डोळे पुसत होती आणि मला म्हणत होती, की बघा, मूठ टोचेल त्यांना, तिला मऊ कापड शिवून देते.

आता चौदाच्या चौदा रेकॉर्डी झाल्या आहेत, दुसऱ्यांदा चालू आहेत. बाबांचं ऐकणं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे कमी होत चाललं आहे. शिवणयंत्राची सुई बदलली. लोकरीचे मोजे काकूंनी नेले. मी संध्याकाळी कचेरीतून येतो, उंबरठ्याच्या आतली पहिली फळी बघतो आणि तिच्यावर टाच दोनदा जोरात आपटतो.

दाराकडे पाठ करून बसलेले बाबा मान न वळवता म्हणतात, "आलास?"